केतकी-रेषा

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पॅकहाऊसमधल्या बायका केतकीच्या नावानं बोटं मोडायला लागायच्या.

"मेली आज काही येत नाही वाटतं केतकी."

"सुमनची आली बघ. नशीब काढलं पोरीनं."

"कोणत्या मुहूर्तावर जन्मली असेल गं ही अवदसा?"

अवदसा म्हणजे दंडावरच्या पट्टीत उमटणारी लाल रेषा. ती उमटली की हातातलं काम खाली ठेवायचं, पट्टी उतरवून द्यायची आणि घर गाठायचं. नाही उमटली तर पट्टी हिरवी, आणि पट्टी हिरवी म्हणजे तुम्ही दमलेल्या नाही. मग डोळ्यांपुढे काजवे चमकत असोत, नाहीतर कंबर मोडून हातात येवो.

या शिव्याशापांत अर्चना बोरस्ते कधी भाग घ्यायची नाही. खाली मान घालून ती घडातले फुटके मणी कात्रीनं काढत राहायची. कारण केतकी ही तिच्या लेखी नुसती रेषा नव्हती. ती तिची धाकटी जाऊ होती, आणि बायका तिला अवदसा म्हणायच्या तेव्हा ती बहुतेक घरी बसून लेकीला नाचणीची पेज भरवत असायची.

हे असं कसं झालं ते सांगायचं, तर ओझरच्या आण्णा गांगुर्ड्यांच्या जिमपासून सुरुवात करायला हवी.

खताच्या दुकानावरचा मजला, तडा गेलेला आरसा, गंज खरवडून पुन्हा रंगवलेल्या प्लेटा. लग्नाआधी केतकी तिथंच वाढली म्हटलं तरी चालेल. आण्णांचा जीव ड्रॉप सेटवर. ड्रॉप सेट म्हणजे तसं साधं प्रकरण. बाकावर उताणं पडायचं, झेपेल तेवढा जड रॉड छातीवरून वर ढकलत राहायचं. हात थांबले की रॉड स्टँडवर टेकवायचा. दोन्ही अंगांना उभे असलेले दोघे झटकन एकेक प्लेट काढतात आणि उचलणारी श्वास घ्यायलाही न थांबता पुन्हा सुरू करते. पुन्हा हात थांबतात, पुन्हा प्लेट उतरते. दोन्हीकडच्या प्लेटा एकाच वेळी निघायला हव्यात, नाहीतर रॉड कलंडून कुणाच्या तरी पायावर यायचा.

यामागचं शास्त्र आण्णा आपल्या भाषेत सांगायचे. "स्नायू म्हणजे एकत्र कुटुंब आहे बाळ. हलकं काम निघालं की लहानसहान पोरंच धावतात, थोरले खाटेवरून हलत नाहीत. जड ओझं आलं तरच थोरले उठतात, आणि तेच आधी दमतात. मग आपण ओझं थोडं उतरवायचं. उरलेले खांदा देतात. ते दमले की आणखी उतरवायचं. शेवटी घरात बसून राहिलेला एकही माणूस दिसता कामा नये." यात खोटं काही नव्हतं. स्नायूचे हजारो धागे असेच पाळीपाळीनं कामाला लागतात, आणि उतरत्या वजनानं त्यांतला जवळजवळ प्रत्येक धागा शिणतो. मात्र धागे जाड होतात ते त्या झटापटीत नव्हे. ते होतं नंतर, माणूस पोटभर जेवून निवांत झोपतो तेव्हा. हा उत्तरार्ध आण्णा सांगायचे नाहीत. आईबापांच्या घरी झोपणाऱ्या पोरींना तो सांगावा लागत नाही.

बाकीच्या जिममध्ये दोनतीनदा प्लेटा उतरवल्या की सेट संपतो. आण्णांकडे नाही. तिथं सगळ्या प्लेटा निघून नुसता रॉड उरायचा, आणि तो रिकामा रॉडही छातीवरून हलेना झाला की मगच सेट संपायचा. कुणी 'बास' म्हटलं की दोन्ही बाजूंची पोरं ओरडायची, "बास म्हणजे अजून दोन!" आण्णांचं एक वाक्य भिंतीवर रंगवलेलं होतं. 'रॉड उचलणाऱ्यानं ठेवायचा नसतो. रॉडनं उचलणाऱ्याला ठेवायचं असतं.'

अशा जिममध्ये एक दिवस डॉ. गौतम रणपिसे दमपट्टी घेऊन आले.

दमपट्टी दंडावर बांधायची. दमत चाललेल्या स्नायूतले विजेचे संकेत हळूहळू संथ होतात, त्यातल्या रक्तातला प्राणवायू घटतो. पट्टी हे सगळं कातडीवरूनच वाचायची आणि तुमच्यात किती जोर शिल्लक आहे ते टक्क्यांत सांगायची. अडचण एकच होती. जिन्याच्या पायऱ्या यंत्राला दिसायच्या, पण जमीन कुठं आहे ते कळायचं नाही. शून्य कुठलं ते माणसानंच शिकवायला हवं होतं. म्हणून डॉक्टर ठिकठिकाणच्या जिममधल्या मुलींना पट्टी बांधून ड्रॉप सेट मारायला लावत होते. ज्या क्षणी मुलगी आपण होऊन रॉड ठेवील, तो क्षण शून्य.

इतर ठिकाणच्या मुलींनी कुणी इथं ठेवला, कुणी तिथं. आलेख सगळे पोरानं खरडलेल्या पाटीसारखे. एकट्या केतकीची रेषा वरपासून थेट तळापर्यंत सुतासारखी सरळ उतरली होती. रिकामा रॉड, त्यानंतरचे 'अजून दोन', आणि मग तिचे हात नुसते बाजूला गळून पडले. गणिताला स्वच्छ रेषा आवडते. बायकांचं शून्य म्हणून केतकीचीच रेषा पक्की झाली आणि तिला तिचं नावही मिळालं. जोर त्या शून्याला टेकला की पट्टीत उमटणारी लाल रेषा म्हणजे केतकी. जिममध्ये पेढे वाटले गेले. पेपरात फोटो आला. हर्षल बोरस्तेनं तो फोटो पाहूनच तिला मागणी घातली, असं तो अजून चारचौघांत सांगतो.

मग कायदा आला. हेतू चांगला होता: कुठल्याही कामगाराला शून्याच्या खाली राबवायचं नाही. पण शून्याखाली नेऊ नका म्हटल्यावर मालकांनी शून्यापर्यंत नेण्याची परवानगी वाचली. कुणाच्या तरी डोक्यात ड्रॉप सेट आला आणि पॅकहाऊसमध्ये 'उतरती पाळी' सुरू झाली. सकाळी बायकांनी बागेतून आलेले भरले क्रेट उतरवायचे. हात थकले की पेट्या. पेट्याही झेपेनात की छोटे डबे भरायचे, आणि बोटं थरथरायला लागली की नुसती स्टिकरं लावायची. ओझं उतरत जायचं, पण खाली ठेवता यायचं नाही. स्टिकर लावण्याइतका जोर कुणात नसतो? रेषा यायची ती दिवेलागणीला.

केतकीला हे सगळं ठाऊक होतं, आणि नव्हतंही. आपल्या नावाची रेषा बायांना जपते, असंच ती धरून चालली होती. बाळंतपणानंतर हर्षलनं तिला घरगुती पट्टी आणून दिली तेव्हा पहिली कुरबुर झाली. तान्ही छबू रात्ररात्र रडायची, केतकी सकाळी भिंतीला धरून उठायची, आणि पट्टी मात्र पोपटासारखी हिरवीगार.

"अगं, ही तर म्हणते निम्मा जोर शिल्लक आहे," सासूबाई चष्मा सावरत म्हणायच्या. "मग चार पोळ्या टाकायला काय झालं? यंत्र कशाला खोटं बोलेल बाई?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते तिला तिच्याच बावीस वर्षांच्या अंगाशी ताडून बघत होतं. ज्या अंगानं कुणाला जन्म दिला नव्हता, कुणाला पाजलं नव्हतं. केतकीनं एके दिवशी पट्टी काढून छबूच्या पाळण्याच्या दांडीला बांधली. तिथंही ती हिरवीच राहिली.

"बघा आई," केतकी म्हणाली, "पाळणाही दमलेला नाही."

सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात लपवलं.

खरी ठेच लागली ती अर्चनाताईंमुळे. संध्याकाळी त्या कामावरून आल्या, पाय धुतले, ओट्यावर टेकल्या. केतकीला कुकर उतरवायचा होता, म्हणून तिनं छबूला त्यांच्यापुढे धरलं. छबूनं लगेच दोन्ही हात पसरले. काकूवर तिचा फार जीव.

अर्चनाताईंनी हात उचललेच नाहीत.

"नको देऊ माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "सांडेन मी तिला."

'सांडेन' म्हणाल्या. दुधाचं पातेलं सांडावं तसं. छबूला काय कळलं कोण जाणे, तिचा ओठ हळूच पुढे आला आणि ती रडायला लागली. अर्चनाताई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे दोन्ही तळवे मांडीवर उलटे पडले होते, जणू दुसऱ्याच कुणाचे.

"रोज असं होतं?" केतकीनं विचारलं.

"हंगामात होतं. तुला काय सांगायचं?" अर्चनाताईंनी भिंतीला डोकं टेकलं. "घरात सांगितलं तर तुला लागेल. तिकडं तर मी तोंडच उघडत नाही. बायांना कळलं की ती केतकी माझी जाऊ आहे, तर माझ्या डब्यात माती टाकतील."

केतकी कुकर विसरली. तीन शिट्ट्या जास्त झाल्या आणि वरणाचा लगदा झाला. सगळ्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

त्याच हंगामात डॉक्टर रणपिशांचा फोन आला. ठरावीक वर्षांनी शून्य पुन्हा तपासायचं, आणि शक्यतो त्याच व्यक्तीवर, असा नियमच होता. त्या दिवशी जे शून्य ठरेल ते सगळ्या पट्ट्यांना लगेच लागू. "तुमची इच्छा असेल तरच," डॉक्टर म्हणाले. "बाळंतपणानंतर तशीच रेषा निघावी अशी अपेक्षा नाही. नाही निघाली तर पट्टीची कंपनी म्हणेल की प्रकृती ठीक नव्हती, आणि जुनीच चालू ठेवेल."

"आणि निघाली तर?"

"तर मग काय! ती पुढच्या मुदतीसाठी पक्की."

आण्णांना हे कळलं मात्र, जिमबाहेर फ्लेक्स लागला. केतकीचा जुना फोटो, मागे गर्जणारा सिंह, आणि खाली 'वाघीण परत येतेय!' सिंह का वाघीण याचा मेळ कुणी घातला नाही. हर्षलनं फ्लेक्सपुढे उभं राहून छबूसकट फोटो काढला.

आणि खरं सांगायचं, तर केतकीलाही हवंच होतं ते. मूल झाल्यावर बाईचं संपलं, असं जे तोंडानं कुणी म्हणत नाही पण बघण्यातून सांगतात, त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिला तो रॉड उचलायचा होता. दुपारी छबू झोपली की ती तिला घेऊन जिमला जायची. कोपऱ्यात सतरंजीवर छबू, तिच्या कानांवर लोकरीची टोपी, आणि इकडे लोखंडाचा खणखणाट. आधी नुसता रॉड. मग लहान प्लेटा. पोट बांधून, श्वास मोजून. मधेच छबू उठायची, मग प्लेटा तशाच ठेवून केतकी तिला बाकावर बसून पाजायची आणि आण्णा भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्यानं सूचना द्यायचे.

अंग ओळखीचं व्हायला लागलं. खांद्यांची गोलाई परतली. घामाला जुना वास आला. केतकीला एकदा एकटीलाच हसू फुटलं, इतकं बरं वाटलं.

अर्चनाताईंना मात्र ती नजर देऊ शकत नव्हती.

"उचल की," त्या एकदा कपडे वाळत घालताना म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "जोरात उचल. तुझं नाव होऊ दे. आम्ही काय, आम्ही स्टिकरं लावू."

"ताई, मी नाही उचलला तर ते जुनीच रेषा ठेवतील. ऐकलंत ना तुम्ही?"

"हो ना. आणि उचललास तरी तीच ठेवतील." अर्चनाताईंनी झटकून चादर दोरीवर टाकली. "मोठी शहाणी माणसं आहेत बाई. दोन्हीकडून आपलंच मरण."

दोन्हीकडून. केतकीला ते वाक्य दिवसभर चावत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"सर, शून्य म्हणजे नेमकं काय धरता तुम्ही?"

"उचलणाऱ्यानं स्वेच्छेनं रॉड ठेवला, तो क्षण."

"त्या वेळी स्नायू खरंच रिकामा झालेला असतो?"

डॉक्टर हसले. प्रश्न आवडल्यासारखे हसले. "रिकामा कधीच होत नाही. तुमचे हात गळून पडले तेव्हाही आम्ही बारीकसा विजेचा झटका देऊन पाहिला असता, तर स्नायू पुन्हा आखडला असता. मेंदू त्याच्या आधीच कळ फिरवतो. काहीतरी राखून ठेवतो तो. हृदयासाठी, श्वासासाठी, पळून जाण्यासाठी. कशासाठी आणि किती, ते ज्याचं त्याला."

"म्हणजे मी थोडं लवकर ठेवला तर..."

पलीकडे डॉक्टरांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लवकर म्हणजे कशाच्या मानानं, केतकी?" डॉक्टर म्हणाले. "मोजायला आपल्याकडे दुसरी फूटपट्टीच नाही. मी यापेक्षा जास्त काही बोलणं बरोबर होणार नाही. मी तपासणारा आहे."

फोन ठेवल्यावरही तिनं काही ठरवलं नाही. ठरवलं असं नंतर सगळे म्हणाले, पण ते खरं नव्हे. तिनं आण्णांना एवढंच सांगितलं, "माझ्या उजव्या अंगाला तुम्ही. डाव्या अंगाला प्लेटा काढायला मला अर्चनाताई हव्यात."

"तुझी जाऊ?" आण्णांच्या भुवया टाळूला लागल्या. "तिला यातलं काय कळतं?"

"रोज माझ्यापेक्षा जास्त उचलतात."

आण्णा पुटपुटले, पण शिकवलं. "माझ्या हाताकडं बघायचं वहिनी, लोखंडाकडं नाही. मी प्लेट अडवणारी क्लिप काढली की तुम्ही काढायची. एकट्यानं कधी प्लेट ओढायची नाही. रॉड पलटी मारतो." अर्चनाताई सुट्टीच्या दोन दुपारींत शिकल्या. हात त्यांचे चलाखच होते, फक्त दमलेले.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर रणपिसे आले. त्यांच्यासोबत पट्टीच्या कंपनीचे मॅनेजर देवरे आले, कडक इस्त्रीचे, हसतमुख. छबूला हर्षलनं घरी ठेवून घेतलं होतं. अर्चनाताई सकाळची क्रेटची पाळी करून, मधली सुट्टी मागून, तशाच धावत आल्या. त्यांच्या दंडावर पॅकहाऊसची पट्टी होती. हिरवी.

केतकी बाकावर पडली. छताचा ओळखीचा डाग, आण्णांची ओळखीची ढेरी. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही दंडांना पट्ट्या बांधल्या आणि समोरच्या पडद्यावर शंभर उमटले.

"चल माझी वाघीण," आण्णा म्हणाले.

पहिलं वजन वर गेलं तेव्हा केतकीच्या अंगातून शीळ घातल्यासारखं काहीतरी गेलं. सगळं होतं तिथंच! कुठं काही गेलं नव्हतं. टाचा जमिनीत रुतल्या, पाठीची कमान झाली, रॉड रेघेत वर, रेघेत खाली. हात थांबले. रॉड स्टँडवर. आण्णांनी क्लिप काढली, अर्चनाताईंनी काढली, प्लेटा एकदम खण्णकन निघाल्या. पुन्हा. या वेळी वजन फुलासारखं वाटलं, मग दगडासारखं, मग हललंच नाही. पुन्हा प्लेटा.

"तीच रेषा!" देवरे पडद्याकडे बघत म्हणाले. "सर, हुबेहूब तीच रेषा! कमाल आहे."

केतकीनं ते ऐकलं आणि तिला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिला झालेला आनंद खरा होता. आणखी थोडंच. सगळ्या प्लेटा, मग रिकामा रॉड, मग अजून दोन. आज ती ते करू शकत होती, तिच्या हाडांना ते कळत होतं.

तिसऱ्यांदा प्लेटा काढायला अर्चनाताई तिच्यावर वाकल्या. त्यांचा दंड केतकीच्या डोळ्यांपुढून गेला. कातडीखाली मांस नुसतं लटलटत होतं, कंदिलाच्या काचेवर पाकोळी धडकावी तसं. सकाळपासूनच्या क्रेटनी. घामात पेटलेली त्यावरची हिरवी पट्टी. आणि त्या पट्टीच्या आत कुठंतरी केतकीच बसलेली होती, बावीस वर्षांची, सणसणीत, ओरडणारी: बास म्हणजे अजून दोन!

हलक्या झालेल्या रॉडखाली तिनं हात घातले. तो वर नेला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा सहज वर गेला. हात थरथरलेही नाहीत. आणि तसाच, दोन्हीकडे प्लेटा असलेला तो रॉड तिनं सावकाश, आवाज न करता, स्टँडवर ठेवून दिला.

"बास," ती म्हणाली.

"बास म्हणजे अजून दोन!" आण्णांच्या तोंडून सवयीनं निघालं आणि हात क्लिपेवर गेला. "वहिनी, उतरवा! चला, उतरवा प्लेट!"

अर्चनाताईंनी दोन्ही हात मागे घेतले.

"ती बास म्हणाली, आण्णा."

आण्णांची क्लिप निघाली होती, पण एका अंगाची प्लेट ओढता येत नव्हती. ते तसेच वाकलेले राहिले.

"मॅडम, काय झालं?" देवरे पुढे आले. "पडद्यावर बघा, चव्वेचाळीस टक्के शिल्लक आहे अजून! तुम्ही तर आरामात..."

"आहे शिल्लक," केतकी उठून बसली. ड्रॉप सेटनंतर आपली आपण उठून बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. दरवेळी पोरं काखेत हात घालून उठवायची. "ती माझी आहे."

"पण हे खोटं माप झालं!"

"आधीचं खोटं होतं साहेब. तेव्हा मी माहेरी लाडात वाढत होते. भरपूर झोपून, भरपूर खाऊन, भोवती टाळ्या वाजवणारी पोरं घेऊन उचललं. घरी गेल्यावर मला चमचा धरता येईना. आईनं भरवलं. तुमच्या पट्ट्या बांधलेल्या बायांना घरी गेल्यावर कोण भरवतं? त्यांना तिथं जाऊन आणखी एक घर उचलायचं असतं. तेवढं उरलं नाही तर ते शून्य कसलं? तो खड्डा आहे."

"हे भावनेचं बोलणं झालं," देवरे डॉक्टरांकडे वळले. "सर, तुम्हीच सांगा. पट्टी स्पष्ट दाखवतेय की जोर आहे."

"जुन्या शून्याप्रमाणे दाखवतेय," डॉक्टर म्हणाले. "प्रकृती ठीक नव्हती म्हणायलाही जागा नाही, हुबेहूब तीच रेषा असं मघाशी तुम्हीच म्हणालात. आणि आज आपण शून्यच ठरवायला आलोय. पट्टीला शून्य ती शिकवते, देवरे. पट्टी तिला नाही." ते केतकीकडे वळले. त्यांचा आवाज कोरडा होता, डोळे नव्हते. "रॉड स्वेच्छेनं ठेवलात?"

"स्वेच्छेनं."

डॉक्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं. चव्वेचाळीसचा आकडा क्षणभर थरथरला आणि त्या जागी शून्य उमटलं.

देवऱ्यांचं हसू आता इस्त्री मोडल्यासारखं झालं होतं. "ठीक आहे. आम्ही याला आव्हान देऊ. दुसरी मुलगी आणू. महाराष्ट्रात काय एकच जिम आहे?"

आता आण्णा सरळ झाले. गुडघे कुरकुरले. हातातली क्लिप त्यांनी पुन्हा रॉडला लावली आणि घट्ट केली. केतकी त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. त्यांची वाघीण त्यांच्याच जिममध्ये, भिंतीवरच्या त्या वाक्याखाली, प्लेटांसकट रॉड ठेवून उठली होती.

"आणा की दुसरी," आण्णा म्हणाले. "पण प्लेटा काढायला दोन्ही अंगांना माणूस लागतो, साहेब. आणि जिमवाली माणसं एकमेकांना फोन करतात. पोरगी बास म्हणाल्यावर प्लेटेला हात लावणारा तुम्हाला कुठं मिळतो, ते मी बघतो." मग केतकीकडे न बघता, "पटलं नाही मला. सांगून ठेवतो. रिकामा रॉड मारायला हवा होतास. पण पोरगी माझी आहे."

"मग उद्या मारते की," केतकी म्हणाली. "उद्या कुणाची पट्टी नाही. फक्त माझ्यासाठी."

"ये. तीन वाजता. लेकीला घेऊन ये."

जिना उतरून दोघी जावा रस्त्यावर आल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अर्चनाताईंना पाळीवर परतायचं होतं. केतकी स्कूटर वळवत होती, एवढ्यात अर्चनाताई "अगं बाई" म्हणाल्या. त्यांच्या दंडावरची पट्टी लाल झाली होती.

त्या तिच्याकडे बघत असतानाच फोन वाजला. पलीकडून इतका गलका येत होता की केतकीलाही सगळं ऐकू आलं.

"अर्चे, कुठंयस? अगं, आमची सगळ्यांची केतकी एकदम लागली! सगळ्यांची! भर दुपारी! मुकादम येड्यासारखा फिरतोय, म्हणतो पट्ट्या बिघडल्या. क्रेट तसेच पडलेत. काय झालं काय?"

"काही बिघडलं नाही," अर्चनाताई म्हणाल्या. त्यांनी केतकीकडे पाहिलं, आणि मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, मोठ्यानं, रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं असं सांगून टाकलं, "ती केतकी माझी जाऊ आहे. आत्ताच ठेवलंय तिनं खाली."

मग कुणीतरी हळूच विचारलं, "मग आम्ही काय करायचं आता?"

"बसा," अर्चनाताई म्हणाल्या. "कुणी ओरडलं तरी उठायची घाई करू नका."